वास गेला म्हणजे रक्तात गुठळी झाली का?

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९:५०

मी लातूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. अकरा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात एक पंचविशीचा मुलगा सकाळी सातलाच येऊन बसला. डी-डायमर (रक्तात गुठळी झाल्याचा अंदाज देणारी तपासणी) करायचीय म्हणाला. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. दम लागतो का, छातीत दुखतं का, पायाला सूज आहे का, सगळ्याला नाही. "ताई, आठ दिवसांखाली ताप येऊन गेला. तेव्हापासून वासच येईना झालाय. ग्रुपवर आलंय, नाकातल्या बारीक नसांत गुठळ्या झाल्या की वास जातो. त्या मेंदूत चढायच्या आधी रक्त पातळ करायची गोळी चालू करा म्हणतेत." गोळी त्याने चालू केलेली होती. वडिलांच्या हृदयाच्या औषधांतली. अर्धी स्ट्रिप शर्टाच्या खिशातच होती.

त्याचं रक्त न घेता मी त्याला आधी आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी बंद झाली, विषय संपला. पण मला चैन पडेना. तो फॉरवर्ड निव्वळ थाप असता तर सोपं होतं. त्यात खऱ्याचा एक तुकडा आहे आणि बाकीचं सगळं त्या तुकड्याभोवती रचलेलं आहे. म्हणून लोकांना पटतं.

माझा स्वतःचा वास गेला होता एप्रिल २०२१ मध्ये. कळलं ते स्पिरिटच्या बोळ्यामुळे. एका आजोबांचा दंड पुसला, बोळा बोटांना गार लागला, पण वास नाही. मास्कमुळे असेल म्हणून कोपऱ्यात गेले, मास्क खाली केला, बाटलीलाच नाक लावलं. डोळ्यांत पाणी आलं, नाकात चुणचुणलं, वास शून्य. (झोंबणं ही वेगळ्या नसेची खबर असते, वासाच्या नसेची नाही. म्हणून वास गेलेल्या माणसालाही मिरचीचा ठसका लागतो.) घरी विलगीकरणात पडले होते तेव्हा सासूबाई येसर भाजत होत्या. शेजारच्या खोलीत मी खोकून बेजार, पण धण्या-खोबऱ्याचा तो वास, जो आमच्या अख्ख्या गल्लीला कळतो, तो मला कळला नाही. मी रडले होते त्या दिवशी. तापाचं इतकं वाईट वाटलं नव्हतं.

आणि त्याच महिन्यात आमच्या लॅबला रात्री दोन-दोनपर्यंत डी-डायमर चालायच्या. निळ्या झाकणाची ट्यूब, आत सायट्रेट, रक्त बरोबर खुणेपर्यंत भरायचं आणि हलक्या हाताने चार वेळा उलटसुलट करायची. वास जाणं आणि रक्त गोठणं, दोन्ही शब्द आपल्या घरांत एकाच महिन्यात शिरले. लोकांनी त्यांची गाठ मारली यात नवल नाही.

आता मला जे कळलंय ते सांगते.

नाकाच्या अगदी छताला टपालाच्या तिकिटाएवढा एक पापुद्रा असतो. वास ओळखणाऱ्या चेतापेशी तिथे असतात आणि त्यांच्याभोवती त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशी. करोनाचा विषाणू ज्या एसीई-२ नावाच्या कडीला धरून पेशीत शिरतो ती कडी चेतापेशींवर नसते, आधारपेशींवर असते. हे हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. पुढच्या वर्षी बेल्जियम आणि जर्मनीच्या गटाने नुकत्याच दगावलेल्या रुग्णांच्या नाकातले नमुने तपासले, तर विषाणू खरोखर आधारपेशींतच सापडला. वेलाला काही झालेलं नसतं, मांडव कोसळलेला असतो. मांडव पुन्हा उभा राहतो, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून आणखी एक गोष्ट पुढे आली. आजूबाजूला दाह पेटला की विषाणू न शिरलेल्या चेतापेशींमध्येही वास ओळखणाऱ्या जनुकांचं काम थंडावतं. यात गुठळी कुठेच लागत नाही.

रक्ताची गोष्ट निराळी. तिथे मार बसतो तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला. अस्तर दुखावलं की प्लेटलेट चिकटतात, फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाची फायब्रिन होते आणि तिच्या धाग्यांची जाळी विणली जाते. २०२० मध्ये झालेल्या शवविच्छेदनाच्या एका अभ्यासात करोनाने गेलेल्यांची आणि फ्लूने गेलेल्यांची फुफ्फुसं शेजारी ठेवून पाहिली, तर केशवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्या करोनावाल्यांत ९ पट होत्या. आपल्याकडे रुग्णांना पोटात इंजेक्शनं दिली जात होती ती याचसाठी.

मग दोघांची भेट कुठे होते? नाकाच्या छताच्या वर, मेंदूच्या तळाला, घ्राणकंद नावाचा छोटासा भाग आहे. नाकातून निघालेले धागे तिथे पोचतात. त्या कंदातल्या रक्तवाहिन्यांना बाहेरून बिलगून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशींवर एसीई-२ आहे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गटाने मृतांच्या मेंदूची, त्यात या कंदाचीही, फार ताकदीच्या एमआरआयवर तपासणी केली. बारीक वाहिन्यांना इजा झालेली दिसली, फायब्रिनोजेन बाहेर झिरपलेलं दिसलं. विषाणू मात्र त्या मेंदूत सापडला नाही. एप्रिल २०२२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी करोनाने गेलेल्या २३ जणांच्या घ्राणकंदाची इतर कारणांनी गेलेल्या १४ जणांशी तुलना केली. करोनावाल्यांत धागे जास्त झडलेले, बारीक वाहिन्या जास्त खराब, आणि ज्यांचा वास जिवंतपणी गेला होता त्यांच्यात हे नुकसान अधिक.

खऱ्याचा तुकडा तो हा. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, उडवून लावायचा नाही.

पण वाहिनीची भिंत झिरपणं आणि वाहिनीत गुठळी अडकणं एक नव्हे. कालव्याला पाझर फुटतो तेव्हा कालव्यात झाड आडवं पडलेलं असतंच असं नाही. दुसरं म्हणजे तपासलेली सगळी माणसं मेलेली होती, म्हणजे आजाराच्या टोकाची. घरी बसून चहा पिणाऱ्या मुलाच्या नाकात तेच चाललंय असं त्यावरून म्हणता येत नाही. आणि तिसरी गोष्ट मी माझ्या टेबलावरून पाहिली. वास गेला म्हणणारे बहुतेक तरुण, चालत आलेले, घरीच बरे झालेले. डी-डायमरचे भयंकर आकडे यायचे ते वॉर्डातून, ऑक्सिजनवरच्या माणसांचे. गुठळीनेच वास जात असता तर हे उलटं दिसलं असतं.

माझं म्हणणं एवढंच. वास गेला ही नाकाची खबर आहे, रक्ताची नाही. त्यावर रक्ताची गोळी घेऊ नका.

---

गोदाकाठी | सोमवार, रात्री ११:१५

धाग्याबद्दल मनापासून आभार, ताई. शांतपणे लिहिलंय. पण एक बाजू राहिली. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठातल्या संशोधकांना लाँग कोविडच्या (करोना होऊन गेल्यावरही त्रास रेंगाळलेल्या) रुग्णांच्या रक्तात सहजी न विरघळणाऱ्या अतिसूक्ष्म गुठळ्या दिसल्यात. २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने दवाखान्यात दाखल झालेल्या १८३७ जणांचा अभ्यास छापला. दाखल असताना ज्यांचं फायब्रिनोजेन किंवा डी-डायमर जास्त होतं त्यांना पुढे ६ आणि १२ महिन्यांनी विसरभोळेपणाचा, लक्ष न लागण्याचा त्रास जास्त. म्हणजे गोठण्याचा आणि मेंदूचा संबंध आहेच की. वास कळणं हेही शेवटी मेंदूचंच काम. मग गोळीचा विचार एवढा वेडगळ का ठरवायचा? माझ्या बायकोचा वास दीड वर्ष झालं गेलाय. आम्ही काही हौसेने शोधत बसलेलो नाही.

---

मांजराकाठ | मंगळवार, सकाळी ६:४०

वेडगळ नाही म्हणत दादा. दीड वर्ष म्हणजे काय ते मला कळतं, माझे तर अडीच महिनेच होते.

फायब्रिनबद्दल तुम्ही म्हणता त्याला आणखी बळ देणारं काम २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलंय. विषाणूच्या अंगावरचा काटा (स्पाइक प्रथिन) फायब्रिनला चिकटतो, त्याने नुसती गुठळी होत नाही, दाहही भडकतो. ते बरंचसं काम उंदरांवर झालं आहे. तेव्हा फायब्रिन आणि दाह हातात हात घालून चालतात हे मलाही पटतं. पण फायब्रिन तिथे आहे म्हणून रक्त पातळ करणारी गोळी उपयोगी पडेल, ही उडी मोठी आहे, आणि ती माणसांवर मारून पाहिलेली आहे. ब्रिटनमध्ये रिकव्हरी चाचणीत जवळपास १५ हजार दाखल रुग्णांवर अ‍ॅस्पिरिन तपासलं. २८ दिवसांत दगावण्याचं प्रमाण गोळीवाल्यांत १७ टक्के, बिनगोळीवाल्यांतही १७ टक्के. अमेरिकेत घरीच असलेल्या सौम्य रुग्णांना अ‍ॅस्पिरिन, अपिक्साबॅन (रक्त पातळ करणारी दुसरी गोळी) किंवा नुसती दिखाऊ गोळी देऊन पाहिली. ६५७ जणांनंतर ती चाचणी आधीच थांबवली, कारण या रुग्णांत गुठळ्यांचे प्रसंगच अगदी मोजके होते. हेपॅरिनचा, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा, फायदा दिसला तो दाखल असलेल्या पण आयसीयूपर्यंत न गेलेल्यांना.

वहिनींचा वास एवढा लांबलाय तर त्याचं कारण नाकातल्या न विझलेल्या दाहात असण्याची शक्यता जास्त. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ड्यूक विद्यापीठाने वास बराच काळ न परतलेल्या लोकांच्या नाकातले तुकडे घेऊन तपासले. विषाणू नव्हता, पण टी-पेशींचा (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा) तळ तिथे पडलेला होता आणि चेतापेशींची संख्या घटलेली होती.

---

जालन्याचा | मंगळवार, दुपारी १:०५

मी सहसा लिहीत नाही इथे. हा धागा वाचून राहवलं नाही.

माझ्या वडिलांना २०२१ च्या मे महिन्यात करोना झाला. नऊ दिवस दवाखान्यात होते, सुधारले, घरी आणलं. त्यांचा वास एक दिवसही गेला नव्हता. घरी आल्यावर बाजेवर बसून म्हणाले, चहात आलं जास्त झालंय बघ. मोसंबीचा बाग आहे आमचा, बहराचा वास आला की मला सांगायचे. आम्ही निर्धास्त. वास येतोय म्हणजे सगळं ठीक असं आमच्याही डोक्यात बसलेलं. डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखतंय म्हणाले, आम्हाला वाटलं पडून राहिल्याने नस धरली. आईने तेल लावून चोळलं. तिसऱ्या दिवशी पहाटे एकदम धाप लागली. गाडीतच गेले. गुठळी पायातून फुफ्फुसात गेली असं नंतर सांगितलं.

सुट्टी देताना पायाकडे लक्ष ठेवा असं आम्हाला कोणी बोललं नव्हतं. कोणाचं नाव घेत नाही, तेव्हा सगळेच थकलेले होते. पण ताई, तुम्ही जे लिहिलंय त्याची उलटी बाजूही लिहा. वास शाबूत असला म्हणून रक्त ठीक आहे असं नाही.

---

मांजराकाठ | मंगळवार, दुपारी १:४०

जेवायच्या सुट्टीत वाचलं. पुढचा घास गेला नाही.

तुम्ही लिहिलंत ते माझ्या लेखात असायलाच हवं होतं. ज्यांना अंगात ताप येऊन गेलाय, जे बरेच दिवस आडवे होते, त्यांच्या घरच्यांनी बघायचं ते हे: एकाच पायाची पोटरी सुजणं, गरम लागणं, दुखणं. अचानक धाप, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं. तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच घटकेला दवाखाना. सुजलेली पोटरी चोळायची नाही. तुमच्या आईंना हे वाचून दाखवू नका मात्र. त्यांनी जे केलं ते मायेनेच केलं, आणि आपल्याकडच्या कुठल्याही घरात तेच झालं असतं.

---

ईएनटीवाला | मंगळवार, रात्री १०:३०

कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, मराठवाड्यातच. मूळ लेख चांगला आहे. दोन दुरुस्त्या आणि एक भर.

पहिली दुरुस्ती. लेखावरून गंभीर रुग्णांचा वास जात नव्हता असं वाटतं, ते पूर्ण खरं नाही. ऑक्सिजनच्या मास्कखाली धापा टाकणाऱ्या माणसाला वास येतो का हे विचारलंच कोणी नाही. म्हणून आकडे थोडे सौम्य रुग्णांकडे झुकलेले दिसतात. तरी निष्कर्ष बदलत नाही. दुसरी दुरुस्ती, वास जाण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे चोंदलेलं नाक. साध्या सर्दीच्या विषाणूंनी, फ्लूने वास जातो हे आम्ही करोनाच्या आधीपासून पाहत आलोय. तिथे गुठळीचा संबंध नसतो. नाक मोकळं असूनही महिनाभर वास नसेल तर दाखवा. एकाच नाकपुडीचा वास गेला असेल, डोक्याला मार लागला असेल, नाकातून वरचेवर रक्त येत असेल, तर महिना थांबू नका.

आता भर. नाक आणि गुठळी यांची खरीखुरी गाठ मी पाहिली ती म्युकरमध्ये, म्हणजे काळ्या बुरशीत. २०२१ च्या मे-जूनमध्ये. ती बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसते, वाहिनी आतून गोठते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो भाग मरून काळा पडतो. काळा रंग बुरशीचा नसतो, मेलेल्या मांसाचा असतो. एका कर्त्या शेतकऱ्याची अर्धी टाळू काढावी लागली होती. साखर चारशेच्या पुढे आणि स्टेरॉइड मनाने चालू ठेवलेलं. वास परत यावा म्हणून पोटातून स्टेरॉइड मागायला आजही लोक येतात, त्यांना मी तो प्रसंग सांगतो. वासासाठी त्याचा भरवशाचा फायदा दिसलेला नाही. मधुमेह असताना एका बाजूचा चेहरा दुखतोय, गाल बधिर होतोय, नाकातून काळपट पाणी, दात हलायला लागलेत, दोन-दोन दिसतंय, तर तासही घालवू नये.

---

परभणीची लेक | बुधवार, दुपारी ३:२०

माझा प्रश्न वेगळा आहे. वास आलाय परत, पण चुकीचा. कांद्याची फोडणी बसली की जळक्या टायरसारखा वास येतो. कॉफी तर गटारासारखी. शेंगदाणे भाजले की मला बाहेर जावं लागतं. यंदा वेळा अमावस्येला शेतात सगळे गोल बसले होते, भज्जी उकळत होती, आंबिलाचं मडकं समोर, आणि मी बांधावर लांब जाऊन बसले. आजी म्हणाली, पोरीला कुणाची तरी नजर लागली. सासरच्यांना वाटतं नाटक करायलीय. हे रक्तातलं आहे का? डी-डायमर करू का?

---

ईएनटीवाला | बुधवार, रात्री ९:१५

डी-डायमर करू नका, त्यातून काही कळणार नाही. हे नाटक नाही आणि नजरही नाही, याला पॅरोस्मिया म्हणतात. नव्याने उगवलेल्या चेतापेशींचे धागे घ्राणकंदात पुन्हा जोडले जाताना वास अर्धवट पोचतात असं मानलं जातं. कांदा, लसूण, कॉफी, भाजलेले पदार्थ याच गोष्टी जगभरच्या रुग्णांना छळतात. भाजताना तयार होणारी गंधकयुक्त द्रव्यं अगदी कणभर असली तरी तीव्र असतात, तीच खटकतात. घरच्यांना हा प्रतिसाद दाखवा.

उपाय म्हणजे वासाचा सराव. जर्मनीत ड्रेस्डेनला २००९ मध्ये याचा अभ्यास झाला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे चार वास, रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी दहाएक सेकंद, बारा आठवडे. चार छोट्या बरण्या करा. जोरात ओढायचं नाही, हळू हुंगायचं आणि तो वास पूर्वी कसा होता ते आठवायचं. पुष्कळांना जास्त महिने लागतात. तोवर जेवण कोमट किंवा गार खा, फोडणीशिवाय. दही-भात, काकडी, ज्वारीची भाकरी बहुतेकांना चालते.

---

तांड्यावरची आशा | गुरुवार, सकाळी ७:३०

नांदेड जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. मांजराकाठताईंनी लिहिलेला तो फॉरवर्ड आमच्याकडं भाद्रपदात फिरला. एका बाईला ताप, अंगदुखी, नाक चोंदलेलं, वास येईना. पोरानं गावातल्या एका दुकानातून रक्त पातळ करायची गोळी आणली, चिठ्ठी बिठ्ठी काही नाही. दोन दिवसांनी मी घरभेटीला गेले तर हिरड्यांतून रक्त, हातावर लाल ठिपके. डेंग्यू निघाला. प्लेटलेट खाली गेलेल्या, त्यात ही गोळी. तालुक्याला नेलं, वाचली.

पावसाळ्यानंतरच्या तापात अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यातलं काहीच मनानं घ्यायचं नाही. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, आणि रक्त तपासणी. डेंग्यूत रक्त जमायचं भ्या नसतं, वाहायचं असतं. हे मी प्रत्येक घरी सांगते पण मोबाइलवरचं लोकांना जास्त खरं वाटतं.

आणखी एक. वास गेलेल्या माणसाच्या घरात गॅसकडं ध्यान ठेवा. गॅसला मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो तो त्यांना कळत नाही. रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम दुसऱ्यानं घ्यावं.

---

गोदाकाठी | गुरुवार, रात्री ८:५०

डेंग्यूचं वाचून अंगावर काटा आला. बायकोसाठी मी गोळीची चौकशी करून ठेवली होती, ती सोडली. आता चार बरण्या भरतोय. तिचा जुना डी-डायमर रिपोर्ट हाताशी आहे, ६१०. दुसऱ्या लॅबचा ३२० होता, त्याच आठवड्यातला. एवढा फरक का?

---

मांजराकाठ | गुरुवार, रात्री १०:०५

दोन्ही कागदांवर आकड्याशेजारचं एकक बघा. एकात एफईयू लिहिलेलं असेल, दुसऱ्यात डीडीयू. एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो, म्हणजे तुमचे दोन्ही रिपोर्ट जवळपास एकच सांगतात. नेहमीची मर्यादा एफईयूमध्ये ५०० धरतात आणि पन्नाशीनंतर वय गुणिले १० अशी वाढवतात. शिवाय ताप, गरोदरपण, ऑपरेशन, मार, यातल्या कशानेही तो वाढतो. आकडा कमी असला आणि लक्षणंही फारशी नसली तर गुठळी नाही असं सांगायला ही तपासणी कामाची आहे. वाढला म्हणजे गुठळी आहेच, असं ती सांगत नाही.

---

परभणीची लेक | रविवार, सायंकाळी ६:१०

चार दिवस झाले सुरू करून. लिंबू आणि निलगिरी काहीच नाही. गुलाबपाण्याचा ओल्या मातीसारखा येतो. लवंगेचा लवंगेसारखा नाही, पण टायरसारखाही नाही, काहीतरी गोडसर. हे बरोबर चाललंय का?

---

मांजराकाठ | रविवार, रात्री ८:३०

वहीत लिहून ठेव, तारीख टाकून. चारही वास, रोजचे, जसे येतील तसे. माझी २०२१ ची वही अजून आहे. तिसऱ्या आठवड्यात लवंगेपुढे मी 'गूळ?' असं लिहिलंय.